न हलणारा हात

हिरवा दिवा लागला तेव्हा आप्पांचा हात डायवर होता.

आप्पा म्हणजे प्रेस ऑपरेटर. खानापूर तालुक्यातल्या एका गावातून ते रोज बसनं बेळगावला येतात. सकाळी मशीन चालू करायच्या आधी उजवा तळवा डायवर टेकवतात, डोळे मिटतात, काहीतरी पुटपुटतात आणि मग तो हात कपाळाला लावतात. डाय म्हणजे प्रेसचा खालचा साचा. त्यावर पत्रा ठेवायचा, वरून रॅम येतो आणि पत्र्याला आकार मिळतो. रॅम हा वरचा वजनदार ठोकळा. खाली पत्रा आहे की माणसाचा हात, हे त्याला कळत नाही.

ते कळावं म्हणूनच आम्ही तिथे होतो. प्रेसच्या कमानीवर आमचा कॅमेरा बसवला होता. त्याच्या शेजारी दोन दिवे. लाल म्हणजे डायजवळ हात आहे, थांबा. हिरवा म्हणजे हात नाही, चालवा. आप्पांनी तळवा टेकवला तेव्हा लाल लागला. बरोबर. मग ते डोळे मिटून तसेच उभे राहिले. लाल विझला, हिरवा लागला. हात जागच्या जागी होता.

काही झालं नाही. दिवे अजून मशीनला जोडलेले नव्हते, ट्रायल चालू होती. आप्पांचे डोळे मिटलेले होते. पाहणारी मी एकटीच.

मी मूळची निपाणीची. कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.टेक. केलं आणि बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात रिसर्च असिस्टंट म्हणून लागले. वडील तंबाखूच्या वखारींपुढे उभे राहून कामगारांची पत्रकं वाटायचे. घरात त्यांचे गठ्ठे असायचे, आणि मी अक्षरं लावायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे यंत्रापुढे हात जोडायची सवय मला नाही. पण यंत्रात हात जाऊ नये, याबद्दल माझी मतं फार पक्की आहेत. बोट तुटलं की कारखान्यात त्याला अपघात म्हणतात. बऱ्याचदा तो कुणाच्या तरी घाईचा परिणाम असतो, आणि ती घाई बोट गेलेल्या माणसाची नसते.

आमच्या प्रोजेक्टमागेही घाईच होती. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतली ही शेड एका लघुउद्योजकाची. सगळे त्यांना मालक म्हणतात, मीही तेच म्हणते. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट इथे बनतात. साखर कारखान्यांचा सीझन जवळ आला की संकेश्वर, सदलगा, चिक्कोडीकडून ट्रॉलीवाल्यांचे फोन सुरू होतात. आप्पांच्या प्रेसला दोन बटणं होती, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असतील तर डायमध्ये हात असूच शकत नाही. साधी युक्ती आहे आणि चांगली आहे. पण वेळ खाते. मालकांना तिथे पायाचं पेडल हवं होतं. हातानं पत्रा ठेवायचा, पायानं दाबायचं, हातानं काढायचं.

पेडलवर चालणाऱ्या प्रेसमध्ये हात मोकळे असतात, म्हणून ते आत जाऊ शकतात. त्यावर उपाय आहेत. प्रकाशाच्या किरणांचा पडदा मिळतो. किरण तुटला की मशीन थांबतं. मालकांनी तो लावून पाहिला होता. पण पत्रा लांबट, तो आत-बाहेर होतानाही किरण तोडायचा आणि मशीन सारखं थांबायचं. मालक आमच्या हिरेमठ सरांना म्हणाले, "सर, मला असा डोळा द्या की ज्याला हात आणि पत्रा येगळा कळतोय." सरांना नेमकं असंच काम हवं होतं. मेंदूच्या धर्तीवर चालणारी न्यूरल नेटवर्क आणि इव्हेंट कॅमेरा हा त्यांचा संशोधनाचा विषय.

हा कॅमेरा काय असतो ते सांगते. नेहमीचा कॅमेरा ठरावीक अंतरानं चित्रं काढत जातो. दोन चित्रांच्या मध्ये काय झालं ते त्याला कळत नाही, आणि झटकन आत गेलेला हात नेमका त्या मधल्या वेळात जातो. इव्हेंट कॅमेरा चित्र काढतच नाही. त्याचा प्रत्येक पिक्सेल, म्हणजे उजेड टिपणारा बारीक ठिपका, आपल्या जागी गप्प असतो. समोरचा उजेड वाढला किंवा कमी झाला तरच तो बोलतो. गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखं. कोणी आलं-गेलं की लगेच बातमी, नाहीतर सगळं शांत. त्यामुळे हा कॅमेरा अतिशय चपळ असतो आणि वीजही थोडी खातो.

त्याच्या बातम्या ऐकून निर्णय घेतं ते स्पायकिंग न्यूरल नेटवर्क. आपल्या मेंदूतल्या पेशीही सतत बडबडत नाहीत. शेजारच्या पेशींकडून इशारे येत जातात, साठत जातात, आणि एका मर्यादेपलीकडे साठले की ती पेशी एक ठिणगी पुढे पाठवते. बुडाला बारीक भोक असलेली बादली डोळ्यासमोर आणा. पाणी भराभर पडलं तर बादली भरून वाहते. थांबून थांबून पडलं तर भोकातून गळून जातं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते नसेल तर कधीकाळी पडलेले चार थेंबही साठून राहतील आणि बादली उगाच वाहील.

आता आप्पांच्या हाताकडे या. हात आत आला, उजेड बदलला, पिक्सेल ओरडले, बादली भरली, लाल लागला. मग हात स्थिर झाला. बदल नाही म्हणून बातमी नाही. बादली गळाली. हिरवा.

"काय झालं मॅडम? असं काय बघालाय?" आप्पांनी डोळे उघडून विचारलं.

"आप्पा, परत एकदा हात ठेवता का? तसाच, न हलवता."

"परत? एकाच सकाळी दोनदा हाक मारली तर देव म्हनंल, ह्येचं कायतरी बिघडलंय."

"देवाला राहू दे. माझ्यासाठी ठेवा."

आप्पा हसले आणि हात ठेवला. लाल. एक श्वास घेऊन सोडेपर्यंत लाल. मग हिरवा. आता त्यांनीही पाहिलं.

"झोपला व्हय ह्यो?" त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"असंच समजा."

मी सरांना फोन लावला. सर धारवाडकडचे, घरी कन्नड बोलतात आणि आमच्याशी मराठी-कन्नड एकत्र. "एनम्मा, काय गं, सकाळी सकाळी?" म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "पण आपल्या रेकॉर्डिंगमध्ये असं कधीच आलेलं नाही. स्थिर हात होते की त्यात. कितीतरी वेळा होते. मी दुपारी येतो, तेव्हा बघू."

ते खरं होतं. ट्रेनिंगसाठी आम्ही भरपूर रेकॉर्डिंग केलं होतं. पत्रा अडकला म्हणून हात थांबलाय, शेजारच्याशी बोलताना हात टेकलाय, असे पुष्कळ तुकडे त्यात होते. नेटवर्कनं ते सगळे बरोबर ओळखले होते. तेव्हा एकट्या सकाळच्या हातानं काय पाप केलं होतं?

सर दुपारी आले. आप्पांनी हात ठेवला. लाल. आम्ही वाट पाहिली. लालच. आप्पांचा हात अवघडला, पण दिवा हिरवा होईना.

मालक शेजारी उभे होते. "चालतंय की हो सर. मॅडमनी उगाच घाबरवलं."

"सकाळी हिरवा झाला होता," मी म्हटलं. "आप्पा, सांगा की."

"झालता," आप्पा म्हणाले. "मी बघितलं. पर आता न्हाय होईना त्येला मी काय करू? ह्यो मालकाला भितोय वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले. आप्पांनी नमस्कार केला. हिरवा. दुपारी पाहिलं. लाल. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळ आणि दुपारमध्ये फरक काय? उन्हाचा असेल म्हणून मी खिडकीवर पोतं टांगलं. फरक नाही. आप्पांनी सकाळी हात धुतलेला असतो आणि दुपारी तेलकट, म्हणून मी सकाळीच त्यांच्या हाताला तेल लावायला सांगितलं. ते म्हणाले, "आंघोळ करून आलोय मॅडम," पण लावलं. फरक नाही.

उत्तर मिळालं ते कॅमेऱ्याचा कच्चा डेटा उघडल्यावर. कच्चा डेटा म्हणजे नेटवर्ककडे जायच्या आधीच्या पिक्सेलच्या बातम्या, जशाच्या तशा. सकाळच्या डेटात स्थिर हाताच्या जागी काहीच नव्हतं, कोरा अंधार. दुपारच्या डेटात हाताची कड दिसत होती. पाचही बोटांच्या कडा, बारीक ठिपक्यांनी काढल्यासारख्या. आणि नुसता हात नव्हता. डायची कड, बोल्ट, पत्र्याची धार, सगळंच किंचित चमकत होतं. ठरावीक ठेक्यात. मी तो ठेका टेबलावर बोटानं वाजवून पाहिला आणि मान वर केली.

शेजारचा मोठा प्रेस त्याच ठेक्यात चालला होता.

सकाळी सगळ्यात आधी आप्पांचा प्रेस सुरू होतो. बाकीचे नंतर. बाकीचे सुरू झाले की शेडची जमीन हादरते, कमान हादरते, कमानीवरचा कॅमेरा हादरतो. कॅमेरा हलला की त्याला स्थिर वस्तूही हलल्यासारखी दिसते, कडा उजळतात, बादली भरत राहते. आमचं सगळं रेकॉर्डिंग शेड भरात असतानाचं होतं. आमचा हुशार डोळा इतके दिवस शेजारच्या प्रेसच्या धक्क्यांवर बघत होता.

मी सरांना ते दाखवलं. सर खुर्चीत मागे टेकले आणि हसले. त्या हसण्यात त्रास होता, पण आनंदही होता. संशोधन करणाऱ्या माणसाला असं होतं. "आपला डोळाही असाच आहे ना," ते म्हणाले. "एका जागी टक लावून बघताना आत बारीक थरथरत असतो. ती थरथर प्रयोगात थांबवली की समोरची स्थिर वस्तू फिकी होत जाते, दिसेनाशी होते. आपण मेंदू घेतला, बादली घेतली. थरथर घ्यायची राहिली."

"मग आता?"

"आधी सोपे उपाय करून बघू."

सोपे उपाय केले. बादलीचं भोक लहान केलं, म्हणजे नेटवर्कनं जास्त वेळ लक्षात ठेवावं. तर छताच्या पंख्याची सावली, तेलाची चकाकी, सगळंच साठत गेलं आणि दिवा कायम लाल राहिला. मग हात आत आला की एक नोंद आणि बाहेर गेला की एक नोंद, असं करून पाहिलं. दोन हात एकमेकांना चिकटून आत गेले की नेटवर्क एकच धरायचं. त्यातला एक बाहेर आला की याच्या मते डाय रिकामी. हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट होता. खरं काम होतं कॅमेऱ्यालाच मोजून-मापून थरथर देण्याचं, आणि त्या थरथरीत हात ओळखायला नेटवर्कला नव्यानं शिकवण्याचं. ते काही आठवड्याभरात होणारं नव्हतं.

मालकांना आठवडाही नव्हता. इलेक्ट्रिशियन पेडल घेऊन आला होता.

"मालक, थांबा," मी म्हटलं. "शेड शांत असली की याला स्थिर हात दिसत नाही."

"मग शेड शांत ठेवत न्हाय. मोठा प्रेस आधी चालू करायचा, मग आप्पाचा. झालं."

"आणि मोठा प्रेस मध्येच बंद पडला तर? लाईट गेली आणि आली तर? त्या प्रेसचा माणूस चहाला गेला तर? आप्पांची बोटं शेजारच्याच्या चहावर ठेवायची?"

"तुम्ही बोलताय छान," मालक म्हणाले. "मला एक सांगा. काम करताना कोण हात असा ठेवून उभा ऱ्हातंय? फक्त पाया पडताना. मी आप्पाला सांगतो, लांबून पाया पड."

आप्पांनी ते ऐकलं. "लांबनं का म्हनून? एवढी वर्षं पडतोय. मशीनची भीती मला घालू नगा."

"तुम्हाला भीती नाही हेच मला नको आहे, आप्पा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नाही, पण 'मॅडम' गेलं. "पोरी, तू इथं चार दिस बसतीयास. ही बटनं बघितलीस किती उंच हाईत? दिसभर हात वर, हात वर. रात्री खांदा धरतोय, जेवताना घास तोंडाकडं न्हेववत न्हाय. पेडल आलं तर माझा खांदा सुटतोय. आन् तू ते बंद कराय निघालीस."

मला वाटत होतं की मी त्यांच्या बाजूनं भांडतेय. ते मात्र मालकांच्या बाजूला उभे होते, आणि त्यांचं कारण मालकांच्या कारणापेक्षा चांगलं होतं.

सर मध्ये पडले. "आयतु, आयतु, झालं आता. सुजाता, रिपोर्टमध्ये लिहू आपण की शांत वातावरणात मर्यादा आहे. मालक वाचतील आणि ठरवतील."

"सर, रिपोर्ट इंग्लिशमध्ये आहे. प्रेस चालवणाऱ्याला तो कोण वाचून दाखवणार?"

मी वहीचं पान फाडलं आणि मार्करनं लिहिलं: 'सावधान. हिरवा दिवा म्हणजे हात नाही असं नाही. न हलणारा हात या कॅमेऱ्याला दिसत नाही.' इलेक्ट्रिशियनकडून तेच कन्नडमध्येही लिहून घेतलं. तो हुक्केरीचा. पेन हातात घेऊन मला म्हणाला, "मॅडम, कन्नड खाली चालंल? कुठली भाषा वर, यावरनं उगाच कुणी भांडायला यायचं."

"वर लिही की मग. बोट दोन्ही भाषांत तुटतं."

ते पान मी दिव्यांच्या खाली चिकटवलं. मालकांनी वाचलं. रागानं त्यांचे कान लाल झाले. "माझ्या शेडमध्ये माझ्या मशीनवर तुम्ही पत्रकं लावणार?"

"जे खरं आहे तेच लिहिलंय."

"दुपारी तुम्हीच दाखवलं की लाल ऱ्हातोय म्हणून! आता हे उलटं!"

"मग जेवणाच्या सुट्टीत दाखवते. सगळे प्रेस बंद असताना. पेडल जोडून घ्या. आणि ते तुम्हीच दाबा."

मालक हट्टी होते, पण पळपुटे नव्हते. "जोड रे," ते इलेक्ट्रिशियनला म्हणाले.

कामगारांचे जाड सुती हातमोजे असतात. मी त्यातला एक घेतला. गेटबाहेर रसवंतीचा गाडा उभा असतो, तिथून उसाचं एक कांडं आणलं. ते चिरून पाच बोटांत पाच तुकडे भरले, तळव्यात एक जाड तुकडा बसवला, आणि मनगटाशी एक लांब काठी बांधली. सुट्टीची घंटा झाली. एकेक प्रेस थांबला. शेडमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला. डबे उघडायचे सोडून माणसं जवळ येऊन उभी राहिली. मी सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं.

काठीनं मोजा डायवर नेला. लाल दिवा लागला.

"दाबा," मी म्हटलं.

मालकांनी पेडल दाबलं. काहीच झालं नाही. लाल असताना पेडल चालत नाही, तशी जोडणीच होती. मालकांनी सगळ्यांकडे पाहिलं. "बघा. हेच तर पाहिजे होतं मला."

"मलाही," मी म्हटलं आणि काठी डायच्या कडेवर टेकवून सोडून दिली. मोजा डायवर तळवा खाली करून पडून राहिला. कोणी हललं नाही. लाल विझला. हिरवा लागला.

"आता दाबा."

मालकांचा पाय पेडलवर होता. त्यांनी मोज्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते दाबणार नाहीत. पण सगळी शेड बघत होती.

रॅम खाली आला. नेहमी पत्र्याचा टणत्कार होतो, तसा झाला नाही. ओला, दबका आवाज झाला. रॅम वर गेला तेव्हा मोजा चपटा झाला होता आणि डायच्या कडेनं रस खाली ठिबकत होता. नुसता उसाचा रस होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कोणी हसलं नाही.

आप्पा पुढे आले. त्यांनी मोजा उचलला, बोटांच्या जागी चोळून पाहिला आणि खाली ठेवला. मग उजवा हात खिशात घातला. मालकांनी पेडलवरचा पाय कधीच काढला होता.

"काढ ते," मालक इलेक्ट्रिशियनला म्हणाले. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं पत्रक ऱ्हाऊ दे."

पेडल गेलं. पण आप्पांचा खांदा जागेवरच होता. त्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा बटणांची उंची नीट पाहिली. प्रेस ज्या उंच माणसासाठी बनवला असेल ते आप्पा नव्हते. मी मालकांना विचारलं, बटणं खाली घेता येतील? दोन्हींतलं अंतर तेवढंच ठेवून, म्हणजे एका हातानं दोन्ही दाबता येणार नाहीत. इलेक्ट्रिशियन म्हणाला, वायर पुरेल. दोन नवी बटणं हलक्या हातानं दाबली जाणारी मिळाली. कमरेच्या वर वीतभर बसवली. काम संध्याकाळच्या आत झालं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी ती दाबून पाहिली आणि म्हणाले, "ह्ये आधी का न्हाय सुचलं तुमा शिकल्याल्यास्नी?"

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"इच्चारलं कोन?"

आप्पांचा खांदा बरा झाला का? थोडा. उत्पादन वाढलं का? मालकांना हवं तेवढं नाही. सीझनची ऑर्डर त्यांनी एक जादा पाळी लावून काढली आणि मला ते दोनदा ऐकवलं. आप्पा अजून मला 'पोरी'च म्हणतात. त्यात राग किती आणि माया किती ते मी विचारलेलं नाही.

कॅमेरा आम्ही काढला नाही. बटणांच्या जोडीला तो दुसरी राखण म्हणून आजही आहे. हात दिसला तर मशीन थांबवतो. मात्र त्याचा हिरवा दिवा मी स्वतः स्क्रू काढून उतरवला. सर आधी तयार नव्हते. म्हणाले, डिस्प्ले अर्धवट वाटेल. मी म्हटलं, या यंत्राला 'मला हात दिसला' एवढं सांगायचा हक्क आहे. 'हात नाही' असं सांगायचा हक्क त्यानं अजून कमावलेला नाही. सरांनी ते वाक्य आमच्या रिसर्च पेपरच्या शेवटी घातलं, जरा सभ्य भाषेत. पेपरचा विषयही बदलला. आधी तो आमचं नेटवर्क किती चांगलं यावर होता. आता तो न हलणाऱ्या हातावर आहे. कॅमेऱ्याखाली मोबाईलमध्ये असते तशी बारीक मोटर बसवून त्याला थरथर कशी द्यायची, ती किती द्यायची, आणि कॅमेऱ्याची थरथर आणि हाताची हालचाल नेटवर्कनं वेगळी कशी ओळखायची, हे काम अजून चालू आहे. सुटलेलं नाही.

आता कॉलेजातली मुलं-मुली येतात. बऱ्याच जणांच्या घरात कॉलेजात गेलेली ती पहिलीच. विचारतात, या विषयात संशोधनाला संधी काय आहेत? मोठ्या शहरांतल्या लॅब, परदेशातली फेलोशिप, याचीच माहिती त्यांना हवी असते. तीही मी देते. पण आधी एक काम सांगते. तुमच्या यंत्राला काय दिसतं ते सगळेच लिहितात, ते सोडा. त्याला काय दिसत नाही ते शोधा, आणि त्याच्यासमोर जो उभा राहणार आहे त्याच्या भाषेत ते लिहून त्याच्या डोळ्यांसमोर लावा. काहीजण लिहून घेतात आणि पुन्हा येत नाहीत. जे येतात त्यांना मी काम देते.